विरजण

मिठागरात कुठं हिरवं दिसलं
की एवारिस्तो शिव्या घालायचा,
थेट आभाळाकडं बघून.
पांढऱ्या मिठाला हिरवी झाक आली
म्हणजे आठवड्याची मजुरी पाण्यात.
लाकडी फावड्यानं तो खरवडत राहायचा
आणि सहा वर्षांची एन्कार्ना त्याच्यामागं
टोपलीतून ते हिरवं नेऊन फेकायची
बांधापलीकडं.

आता बाप नाही. मिठागरंही नाहीत.
कादिझच्या उपसागराकाठी, त्याच उथळ वाफ्यांत
नगरपालिकेनं सोडलंय गावाचं सांडपाणी :
रात्रीची भांडी, सकाळच्या आंघोळी,
इस्पितळाच्या धुतलेल्या फरश्या,
फुटबॉलच्या मध्यंतरात
चार हजार घरांतून एकदम सुटलेला लोंढा.
आणि एक्कावन्न वर्षांची एन्कार्ना
पगार घेते
हिरवं राखायचा.

आपल्याकडं शेवाळ म्हटलं की आधी पाय घसरतो.
हे तसलं नव्हे.
हे दगडाला धरत नाही, कशालाच धरत नाही.
एकेकटं असतं तेव्हा नसल्यासारखंच असतं,
कोटींनी जमलं की मग त्याला रंग म्हणायचं.
मोठं चाक पाणी ढवळत राहतं,
ऊन आत उतरतं,
आणि गावानं नाक धरून जे जे सोडून दिलं
ते हे निमूट खातं.
दुपारी बारानंतर वास बदलतो.
ओलं गवत,
आणि थोडी चिरलेली काकडी.

ऑगस्टात लेवांते सुटला, तीन दिवस वारा थांबेना.
चौथ्या दिवशी वाफा तपकिरी.
इत्झियार, उत्तरेकडून आलेली इंजिनिअर पोरगी,
भिंगाखाली थेंब धरून बघत बसली :
लांबट, काचेसारखी जनावरं,
डोक्यावर केसांची दोन चाकं गरगरत,
पोटात एकेक हिरवा ठिपका.
अख्खं कुरण चरून टाकलं होतं त्यांनी.
नवं बी यायला सतरा दिवस, ती म्हणाली.
तोवर गावाला काय सांगायचं?
जाऊ नका?

एन्कार्ना काही बोलली नाही.
जेवणाच्या सुट्टीत मोपेडवरून घरी गेली,
परतली तेव्हा दोन पायांच्या मध्ये
ऑलिव्ह तेलाची पाच लिटरची बरणी.
एप्रिलपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत होती ती.
माशांच्या टाकीचा जुना पंप आत बुडबुडायचा,
मुलगा तिला म्हणायचा आईचं मांजर.
नियमात बसणारं नव्हतंच.
का नेलंस, असं कुणी विचारलं असतं
तर तिलाही सांगता आलं नसतं नीट.
टोपली कधीतरी उलटी आणायची राहिली होती, एवढंच.

शेजारणीच्या हातात वाटीभर विरजण द्यावं
तशी तिनं बरणी टेबलावर ठेवली.
इत्झियारला आधी नियम आठवले,
मग तिनं थेंब काढला,
मग भिंगावरून मान न उचलता म्हणाली,
जिवंत आहेत सगळी.

बरणीतून बादलीत. बादलीतून टाकीत.
सतरा दिवसांचं बी आलं
तेव्हा वाफ्याच्या एका कोपऱ्याला
आधीच मिसरूड फुटल्यासारखं झालं होतं.

पुढं गाळ निथळला, वाळला,
पोपडे कुटून गोण्या भरल्या.
फेर्मीनच्या शेतावर एक गोणी फुकट धाडली.
गावाचंच गावाला खाऊ घालू होय मी?
असं म्हणत त्यानं ती ठेवून घेतली,
आणि गोठ्यामागच्या ओळीला घातली,
कुणाच्या नजरेला पडत नाही तिथं.

मार्चमध्ये एन्कार्नाच्या दाराशी
चार आर्टिचोक. चिठ्ठी नाही.
मुठीएवढे नव्हेत, चांगले दोन मुठींचे.
तिनं पाकळ्यांतली माती धुतली,
लिंबू पिळून उकडले,
उभ्या उभ्याच एक खाऊन टाकला.
उकडलेलं पाणी मोरीत ओतलं
आणि घड्याळाकडं बघितलं.
इथून वाफ्यापर्यंत दीड तास लागतो.
साडेदहाची पाळी.

गाठ पडेल.